शून्य तिकिटाचं सुख

मी एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पोरांना विज्ञान शिकवते. त्यामुळे कुणी 'सायन्सनं सिद्ध झालंय' म्हटलं की माझे कान आपोआप टवकारतात. हल्ली हे वाक्य वर्गापेक्षा व्हॉट्सॲपवरच जास्त सापडतं. पहाटे पाचला उठा, 21 दिवस कृतज्ञतेची वही लिहा, आरशात बघून हसा, नकारात्मक माणसं टाळा, की झालात सुखी. आपल्या बेळगावातही याची शिबिरं भरतात, आणि चांगली भरतात.

ते 21 दिवस आले कुठून? न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी 1960 मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान 21 दिवस लागतात. त्यातला 'किमान' वाटेत गळाला आणि नाकाची गोष्ट अख्ख्या आयुष्याला लागू झाली. पुढं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून हे मोजलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाचं 18 दिवसांत जमलं, तर कुणाचा हिशेब 254 पर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. शिबिरात हे शेवटचं कुणी सांगत नाही. सांगितलं तर 'चॅलेंज'ची हवाच जाईल की!

हसण्याचंही तसंच. दातांत पेन धरलं की चेहरा हसरा होतो आणि कार्टून जास्त विनोदी वाटतं, असा प्रयोग जर्मन मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ श्ट्राक आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडला. पाठ्यपुस्तकांत गेला तो. 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी तोच पुन्हा करून पाहिला आणि परिणाम सापडला नाही. मग 2022 मध्ये 19 देशांत मिळून आणखी मोठा प्रयोग झाला. मुद्दाम हसलं तर किंचित बरं वाटतं, पेनचं मात्र नक्की काही सांगता येत नाही, असं निघालं. किंचित! विज्ञानाचा हा चेंगटपणा मला फार आवडतो. 'किंचित' या शब्दावर शिबिराचं बॅनर छापता येत नाही, एवढंच.

कृतज्ञतेच्या वहीला मी नावं ठेवणार नाही. एमन्स आणि मॅककुलो यांच्या 2003 च्या अभ्यासात आठवड्याचे वैताग लिहून काढणाऱ्यांपेक्षा चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना बरं वाटलं होतं. मीही लिहून पाहिलं. पानामागून पान 'आज नळाला पाणी आलं' एवढंच निघालं, तेव्हा ती महानगरपालिकेची नोंदवही वाटायला लागली.

माझा खरा राग आहे तो 'नकारात्मक माणसं टाळा' यावर. हा सल्ला मनावर घेतला तर माझं अर्धं सासर आणि पाऊण स्टाफरूम रिकामी होईल. आणि अभ्यास नेमके उलट दिशेकडं बोट दाखवतात. हार्वर्डमध्ये 1938 साली 268 विद्यार्थ्यांवर एक अभ्यास सुरू झाला, नंतर त्याला बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली 456 मुलं जोडली गेली, आणि तो अजून चालू आहे. सध्या तो सांभाळणारे रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात, पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. आता यातले मूळचे सगळे गोरे पुरुष. वडगावात मागावर बसणाऱ्या बाईला त्यांचं काय, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. पण ज्युलियान होल्ट-लुनस्टॅड यांनी 2010 मध्ये 148 अभ्यास, म्हणजे तीन लाखांवर माणसं, एकत्र तपासली. त्यातही माणसांत असणाऱ्यांची जगण्याची शक्यता एकट्यांपेक्षा ठळकपणे जास्त दिसली. आजारी माणूस एकटा पडतो हेही खरं, त्यामुळे सगळं श्रेय नात्यांनाच देता येत नाही. तरी 21 दिवसांपेक्षा हा पाया कितीतरी पक्का.

शिकागोत 2014 मध्ये आणखी एक गमतीचा अभ्यास झाला. लोकलनं जाणाऱ्यांना विचारलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोललात तर प्रवास कसा होईल? गप्प बसण्यापेक्षा वाईट, म्हणाले. ज्यांना खरंच बोलायला लावलं, त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा मजेत झाला. हे वाचून मला खानापूरची लाल बस आठवली. "कुठं चाललासा, ताई?"पासून सुरुवात, आणि पुढचा स्टॉप यायच्या आत सोयरिक निघालेली. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. पोरांच्या कानांत आता इअरफोन असतात, पण बायका अजून बोलतात.

आणि बायका आता बसमध्ये आहेतही. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. राजकारण, तोटा, गर्दी, यावर भांडा हवं तर, मीही भांडते. पण माझी नणंद पूर्वी बहिणीकडं जायचं म्हटलं की नवऱ्याकडं पैसे मागायची आणि मग बेत रद्द करायची. आता आधार कार्ड दाखवते, शून्य तिकीट घेते, जाऊन येते. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनालाही दोघी मिळून जातात. माहेर कोल्हापूरकडं असेल तर निपाणीपर्यंत फुकट आणि पुढं महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं तिकीट. सीमाभागातल्या बायकांनी हा हिशेब कुठल्याही अधिकाऱ्याच्या आधी जुळवला. सुखाचा सल्ला देणाऱ्या सगळ्यांना मिळून जे जमलं नाही, ते माझ्या नणंदेच्या बाबतीत त्या चिठोऱ्यानं केलं, असं माझं मत आहे.

लगेच कुणी 'आपला जुना कट्टाच बरा होता' असं लिहू नका. त्या कट्ट्यावर बसायचं कोण? पुरुष. पारावर कुणी कुठल्या पायरीवर बसायचं तेही ठरलेलं. बायकांना नळ, भजनी मंडळ आणि भिशी, तेही घरचं आवरून.

पैशानं सुख येत नाही, हेही जरा जपून म्हणावं. काहनेमान आणि डीटन यांनी 2010 मध्ये अमेरिकेत पाहिलं तेव्हा एका रकमेनंतर रोजचा आनंद वाढायचा थांबतो असं दिसलं होतं. किलिंग्सवर्थना 2021 मध्ये तसं दिसलं नाही. मग भांडत न बसता काहनेमान त्यांच्यासोबतच बसले आणि 2023 मध्ये दोघांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह लिहिलं की बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतच जातो. चिकोडीकडं उसाचं बिल थकलेल्या शेतकऱ्याला श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी बिल द्यावं, ते यासाठीच. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतंय, तर तो आजार असू शकतो. तिथं वही नको, डॉक्टर हवा. टेलीमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे.

राहिला इतिहास. 'जे आपल्या हातात आहे तेवढंच बघा' हे वाक्य सध्या सूटबूटवाले सांगतात. ते मूळ प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचं, आणि तो रोममध्ये गुलाम म्हणून राबलेला माणूस. गुलामानं स्वतःला सांगितलेली गोष्ट मालकानं नोकराला सांगितली की तिचा अर्थ फिरतो. आम्ही 1956 पासून सीमाप्रश्न घेऊन बसलोय, 2004 पासून तो सुप्रीम कोर्टात आहे. तारीख आपल्या हातात नाही. म्हणून लोकांनी दावा सोडला नाही आणि हातावर हात ठेवूनही बसले नाहीत. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांनी आपापली साहित्य संमेलनं भरवली. भाषणं कधी कधी फार लांबतात. तरी मी जाते, कारण मागच्या रांगेत जुन्या विद्यार्थिनी भेटतात, कडेवर पोरं घेऊन.

यंदा कडोलीला कोण येणार आहे? कमेंटमध्ये कळवा. आधार कार्ड आणा, बायका मिळून बसनं जाऊ. पुरुषांनी तिकीट काढावं.