लाथेने मोजलेली हवा

काल माझ्या गाडीला एका अनोळखी माणसाने लाथ मारली. रागाने नव्हे, काळजीने. त्यामुळे भांडताही आलं नाही.

पेट्रोल पंपावर हवा भरायच्या रांगेत होतो. मागच्या गाडीतून एक काका उतरले, माझ्या पुढच्या टायरला बुटाने ठोकर दिली, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बसलाय. ४० मारा."

"३३ लिहिलंय."

"कुठे?"

मी ड्रायव्हरचा दरवाजा उघडून खांबावरचा स्टिकर दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हा कागद. कागद काय, कोणीही चिकटवतं." मग खाली वाकून टायरच्या कडेवर बोट टेकवलं. "हे बघा, ४४. रबरात उठवलंय. हे खोटं?"

"काका, ती कमाल मर्यादा आहे. पोटात मावतं म्हणून रोज तेवढं जेवायचं का?"

काकांनी शांतपणे माझ्या पोटाकडे पाहिलं. वाद तिथेच संपला.

तोवर मशीन टिंगटिंगलं. पंपावरच्या मुलाने चारही चाकांत ४० भरली होती.

"अरे, कोणी सांगितलं तुला?"

"तुमच्या बाबांनीच म्हटलं ना?"

मी ४८ वर्षांचा आहे. काका फार तर ५५.

मुळात गाडी चालवत नेली की टायर तापतो आणि हवा खरी असते त्याहून दोन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) जास्त दिसते. मोजायची ती सकाळी, टायर गार असताना. पण त्या वेळी पंप घरी कोण आणून देणार? काही न करताही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा जाते. चारही टायरांत १ पीएसआय कमी झाली की मायलेज अंदाजे ०.२ टक्के घटतं. ऐकायला चिल्लर वाटते. मलाही वाटली होती, म्हणून सहा महिने बघितलंच नाही. आधीच्या जोडीच्या टायरांच्या दोन्ही कडा गुळगुळीत आणि मधली नक्षी जवळजवळ नवी! अर्धं आयुष्य शिल्लक असलेलं रबर भंगारात दिलं. त्या वेळी लाथ मारायला एकही काका नव्हते. आता ४० वर फिरलो असतो तर मधला भाग झिजला असता, कडा नव्या राहिल्या असत्या.

आज सकाळी स्वतःचा हवा मोजायचा गेज घेऊन उकिडवा बसलो. गार टायरांत ३७ निघाली. किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबत, फुस्स, मोज, फुस्स, मोज, तीन चाकं ३३ वर आणली. चौथ्याला पाठ भरून आली आणि किल्ली जरा जास्तच वेळ दाबली गेली.

२९.

म्हणजे पुन्हा पंप. काका साधारण किती वाजता येतात, कोणाला माहीत आहे का?