हृदयरुग्णाला समजावून सांगणं हा वायफळ खर्च आहे का?

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. हृदयरुग्णांना पथ्य आणि औषधं समजावत बसण्यात नर्सचा वेळ वाया जातो, माहिती मोबाइलवर फुकट मिळतेच, त्यापेक्षा तो पैसा स्टेंट (अरुंद रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) आणि यंत्रांवर लावा, असं त्यात म्हटलंय. मला हे धोकादायक वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘हा खर्च भरून निघत नाही.’ निघतो, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू न शकणारे, २२३ रुग्ण होते. एका गटाला नेहमीच्या सूचना देऊन घरी सोडलं. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला त्याशिवाय नर्सने तासभर समोर बसवून सगळं समजावलं. १८० दिवसांनी हिशेब केला, तेव्हा शिकवण्याचा खर्च धरूनही दुसऱ्या गटाचा उपचारखर्च माणशी २,८२३ डॉलरनी कमी भरला.

एका तासात एवढं काय होतं? हार्ट फेल्युअरमध्ये अंगात पाणी हळूहळू साठतं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याचं काम बऱ्याचदा लघवीच्या गोळीचा डोस वाढवून भागतं. ज्याला कुणी सांगितलंच नाही, तो पायांची सूज अंगावर काढतो आणि मध्यरात्री धाप लागून आयसीयूत पोचतो. गुडघेदुखीसाठी मनाने घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही शरीरात मीठ-पाणी साठतं, हेही कुणीतरी सांगावंच लागतं.

‘स्टेंट टाकला की काम झालं.’ हार्ट अटॅकनंतर औषधी (औषधाचा लेप असलेला) स्टेंट बसवलेल्या ५०० रुग्णांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या जवळजवळ सातातल्या एकाने रक्त पातळ ठेवणारी एक आवश्यक गोळी महिन्याभरातच सोडली होती. पुढच्या अकरा महिन्यांत गोळी सोडणाऱ्यांतले ७.५ टक्के दगावले. गोळी चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होतं. सोडणारे वयस्कर आणि जास्त आजारी होते, त्यामुळे सगळा फरक गोळीच्या माथी मारता येणार नाही. पण डिस्चार्जच्या वेळी औषधांच्या सूचना न मिळालेल्यांचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त होतं.

‘मोबाइलवर सगळं मिळतं.’ माहिती मिळते. पण ‘वजन वाढलं तर तुम्ही काय कराल, मला सांगा बरं’ असं विचारून, उत्तर चुकलं तर पुन्हा समजावणारं माणूस तिथे नसतं.

‘शिकवून मृत्यू टळत नाहीत.’ यात तथ्य आहे. कोरोनरी हृदयरोगावरच्या (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आजारावरच्या) २२ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात, निव्वळ शिक्षणाने मृत्यू किंवा अटॅक कमी होतात असा भक्कम पुरावा मिळाला नाही. मात्र रोजच्या जगण्याचा दर्जा थोडा सुधारतो आणि उपचारखर्च घटतो, याचा काही पुरावा त्याच आढाव्यात आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हा भाग गाळलाय.

खरी अडचण वेगळी आहे. शिकवण्याचा खर्च रुग्णालय करतं. बचत मात्र रुग्णाच्या कुटुंबाची, विमा कंपनीची किंवा सरकारची होते. उलट रुग्ण पुन्हा दाखल झाला की रुग्णालयाला बिल मिळतं. म्हणून इकोसारखाच (हृदयाच्या सोनोग्राफीसारखाच) या तासाचाही वेगळा मोबदला विम्याने आणि सरकारी योजनांनी द्यायला हवा.