७५ ग्रॅमची मेजवानी

डोहाळे आंबटाचे लागतात, असे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला मात्र पाचव्या महिन्यात लागले ते सरळसोट साखरेचे. रात्री दोन वाजता, दिवा न लावता, चॉकलेटचा कागद जराही न वाजवता उलगडण्याची विद्या मी दोन आठवड्यांत आत्मसात केली होती. सहानुभूती म्हणून आपणही गोड सोडल्याचे जाहीर करणाऱ्या नवऱ्याची झोप मोडू नये, एवढाच त्यामागचा उदात्त हेतू होता.

आपण दोन जिवांच्या आहोत, तेव्हा दोघांचे खाल्ले पाहिजे, हे माझे मुख्य तत्त्वज्ञान आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत मोडीत काढले. पहिल्या तीन महिन्यांत जादा उष्मांकांची जवळजवळ गरजच नसते आणि मधल्या तीन महिन्यांत ती दिवसाला साधारण ३४० इतकी असते, असे त्यांनी सांगितले. म्हणजे माझा सहभोजी दोन अंडी आणि पावाचे दोन काप एवढ्यावर तृप्त होता आणि उरलेले सारे मी त्याच्या नावावर खात होते. वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी, जमल्यास ५ टक्क्यांहूनही कमी मिळावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस असून तिच्या हिशेबात मध आणि फळांचा रसही धरतात, हे कळल्यावर तर मी दुखावलेच. मधाला मी तोवर औषध समजत होते आणि औषधात कंजूषपणा करू नये, असे माझे मत होते.

बाईंचा उपाय साधा होता : फार वेळ उपाशी राहू नये, दर दोन-तीन तासांनी थोडे खावे, जेवणानंतर दहा मिनिटे चालावे आणि फळ एकटे खाऊ नये. सोबत बदाम किंवा दही असले की साखर रक्तात सावकाश उतरते. थोडक्यात, सफरचंदाला बाहेर पाठवताना बरोबर बदामासारखे वडीलधारे माणूस असावे. मी हे निष्ठेने पाळले आणि, खोटे कशाला बोलू, सायंकाळची हाव खरोखरच पुष्कळ ओसरली. रात्री दोनची मात्र तशीच राहिली, कारण चॉकलेटात दूध असते, म्हणजे प्रथिनांची सोबत त्यात आधीच आहे, असा युक्तिवाद मला त्याच वेळी सुचत असे.

मग २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करायची ती साखरेची चाचणी आली. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे या काळात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, शरीराला ते अधिक बनवावे लागते, आणि ते पुरेसे जमले नाही तर रक्तातली साखर वाढते. हे तपासण्यासाठी उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पिण्यास देतात. चमच्याला ४ ग्रॅम धरले, तर जवळपास १९ चमचे, आणि तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर! आदल्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

तिसऱ्या घोटाला तो आनंद संपला. निम्म्यावर आल्यावर माझ्या चेहऱ्याकडे पाहून परिचारिका म्हणाली, "ताई, उलटी झाली तर पुन्हा एक दिवस येऊन सगळे पहिल्यापासून करावे लागेल हं." त्या धाकाने मी पेला रिकामा केला आणि पुढचे दोन तास, दर तासाला रक्त देत, मीठ-मिरी लावलेल्या उकडलेल्या अंड्याचे इतके उत्कट चिंतन केले, की शेजारच्या बाईंना मी ध्यान करते आहे असे वाटले.

अहवाल चांगला आला. त्या रात्री दोन वाजता जाग आली ती सवयीने. स्वयंपाकघरात मात्र आधीच कोणीतरी होते. गोड सोडलेला माझा नवरा अंधारात माझे चॉकलेट उघडत होता आणि कागद भयंकर वाजवत होता. मी त्याला आधी कागद उलगडण्याची योग्य पद्धत दाखवली, मग अर्धे चॉकलेट माझ्याकडे घेतले, आणि त्याच्या हातावर चार बदाम ठेवले.