हडर्सफिल्डचा एक पौंड

काल संध्याकाळी कट्ट्यावर वाद पेटला तो एका पौंडावरून. मी सांगत होतो, की १९०४ साली इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या हडर्सफिल्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात बेंजामिन ब्रॉडबेंट महापौर झाले आणि त्यांनी जाहीर केलं: लाँगवुड भागात माझ्या कारकिर्दीत जन्मलेलं बाळ एक वर्षाचं झालं, की त्याच्या घरी माझ्याकडून एक पौंड.

विनायकनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे पैसे मिळणार म्हणून आया मुलं जगवणार? अरे, हा त्या आयांचा अपमान आहे."

मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण तो काळ बघा. १८९९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांतली १६३ पहिल्या वाढदिवसाआधीच गेली. आणि हे कधी, तर मोठ्या माणसांचं मरण तीसेक वर्षं कमी कमी होत आलं असताना. गावात नळाचं पाणी आलं, गटारं झाली, देवी आणि कॉलरा मागे हटले. तान्ह्यांचं मरण मात्र जागचं हलत नव्हतं.

विनायकची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. त्याच्या लेखी रोगाचं मूळ पाण्यात किंवा मैल्यात, तिसरीकडे नाही. त्यानं माझ्याच हातातला कागद ओढून घेतला. "हे तूच लिहून आणलंयस ना? इंग्लंड-वेल्सची बाळमरणं, १९१० ला हजारी १०५, १९११ ला १३०, १९१२ ला ९५. मग १९११ साली आया अचानक अडाणी झाल्या आणि पुढच्या वर्षी परत शहाण्या? त्या उन्हाळ्यात उकाडा भयंकर होता, एवढाच फरक. घरामागे टोपलीचे संडास, रस्त्यात घोड्यांची लीद, त्यावर माश्या, आणि त्याच माश्या बाळाच्या दुधावर. जुलाबानं गेली ती पोरं. आईला उपदेश करून माशी थांबते का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मुद्दा खरा आहे.

पण शकील मेडिकलचं दुकान चालवतो, तो गप्प बसेना. "माशी सगळ्यांच्याच घरात होती ना? मग अंगावर पिणारी पोरं कमी का गेली?" मग त्यानं त्या काळच्या बाटलीचं वर्णन केलं: काचेची कुपी आणि तिला हातभर रबराची नळी. बाळ पडल्या पडल्या चोखत राहायचं, आईचे हात मोकळे. नळी आतून धुताच यायची नाही. त्यात भरायला साय काढलेलं, साखर घातलेलं डब्यातलं दूध, कारण ते स्वस्त. आणि बाळ रडलं, की अफूचं सरबत.

"अफू आपल्याकडेही होतीच," मंदाताई म्हणाल्या. त्या निवृत्त नर्सबाई. शब्द कमी वापरतात म्हणून आम्ही सगळे ऐकतो. "मुंबईच्या गिरणगावात बाळागोळी द्यायच्या बाया. हौस म्हणून नाही. पाळी भरायला जायचं तर पोर दिवसभर झोपलेलं हवं."

इथून बोलणं वळलं ते बाईच्या मजुरीकडे. बर्नली, प्रेस्टनसारख्या कापडगिरण्यांच्या गावांत लग्न झालेल्या बायका कामाला जात, म्हणून तिथल्या बाळमरणाचं खापर त्यांच्यावर फुटलं. पण डरहॅमच्या खाणींच्या मुलखात बायका घरीच होत्या, आणि तिथंही बाळं मरतच होती. १८९१ च्या कायद्यानं बाळंतिणीला चार आठवडे कारखान्यात कामाला घ्यायची बंदी केली, मात्र त्या चार आठवड्यांची मजुरी कुणी द्यायची हे लिहिलंच नाही. हे वाचल्यापासून मला राग आहे. पोटाला चिमटा बसला की ती बाई कामावर परतणारच होती.

"मग तुझ्या महापौरानं नेमकं केलं काय?" विनायक मूळ प्रश्नावर आला.

माझ्या मते पौंड ही त्यातली लहान गोष्ट. तेव्हा जन्माची नोंद करायला ४२ दिवसांची मुदत होती. म्हणजे एखादं बाळ तिसऱ्या आठवड्यात गेलं, तर ते जन्मल्याचं नगरपालिकेला कळायचं ते मेल्यावर. ब्रॉडबेंट आणि गावचे आरोग्याधिकारी सॅम्सन मूर यांनी हे उलटवलं. जन्माची खबर लगेच कळवणाऱ्या सुईणीला एक शिलिंग, म्हणजे पौंडाचा विसावा भाग, मग घरी बाई डॉक्टरची भेट, पुढे गावातल्या बायकांच्या फेऱ्या. १९०६ मध्ये हडर्सफिल्डनं स्वतःपुरता कायदा करून ही खबर सक्तीची केली. १९०७ मध्ये ३६ तासांत कळवण्याचा कायदा देशासाठी आला, पण तो लागू करणं गावागावाच्या मर्जीवर होतं. १९१५ मध्ये तो सगळीकडे बंधनकारक झाला.

"नुसतं कळून काय होतं?" विनायकनं विचारलं.

मंदाताईंनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "ओल्या बाळंतिणीकडे मी आठव्या दिवशी गेले, तर सासूनं वरचं दूध सुरू केलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी गेले, तर बाळ अंगावर असायचं. आठवड्यानं दूध आटलं की कुणाचाच इलाज चालत नाही. तुझं पाणी हवंच रे विनायक, पण मला तारीख हवी."

विनायक बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आणि मजुरीचं?"

ते हडर्सफिल्डच्या हातात नव्हतं. १९११ च्या विमा कायद्यानं बाळंतपणाला तीस शिलिंग आले, पण सुरुवातीला ती रक्कम नवऱ्याची ठरली. विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड या कामकरी घरांतल्या बायकांच्या संघटनेच्या बायका त्यासाठी भांडल्या आणि १९१३ मध्ये दुरुस्ती होऊन पैसे आईचे झाले.

"दोन वर्षं लागली," मंदाताई म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. विनायक माझा कागद घडी करून खिशात घालत होता. १९११ च्या आकड्यावर त्याला अजून बोलायचं आहे, आज परत.