‘दुकानदार’ या एका शब्दाबद्दल

तयार झालेलं चित्र विकायला पाठवण्याआधी मी स्टुडिओत काय काय करतो आणि चित्राचा भाव चौरस इंचाने कसा लावतो, ते मागच्या लेखात सविस्तर लिहिलं होतं. त्यावर ‘एक जुना रसिक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया काल रात्री तीनदा वाचली. उत्तर देऊ नये असंच आधी वाटलं होतं. पण सकाळी ब्रश धुतानाही तेच वाक्य डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहितोय.

वाक्य असं : “स्वतःला चित्रकार म्हणवता, पण लेखभर दिसतो तो दुकानदाराचा हिशेब. आबालाल रहिमानांनी कधी चौरस इंचाने भाव लावला होता का?”

त्याखाली आपण तीन मुद्दे मांडले आहेत. त्यातला वॉर्निशचा, म्हणजे चित्रावरच्या शेवटच्या संरक्षक लेपाचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. तैलचित्राला तीन महिन्यांनी वॉर्निश लावावं असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. सहा महिने ते वर्षभर थांबायला हवं, रंग जाड असेल तर त्याहूनही जास्त. लिहिताना बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाच्या पातळ थराची चित्रं माझ्या डोळ्यांसमोर होती. तो रंग लवकर वाळतो, पण सगळे तसे नसतात. लेखात दुरुस्ती केली आहे आणि आपले आभार मानले आहेत. जिथे चूक असते तिथे मी ती कबूल करतो, हे आपल्या लक्षात यावं.

पण चूक दाखवायची एक रीत असते. ‘म्हणवता’ हे क्रियापद कशाला? मी स्वतःला काही म्हणवून घेत नाही. सव्वीस वर्षं रोज सकाळी आठला स्टुडिओचं कुलूप उघडतो. स्टुडिओ म्हणजे तालमीच्या मागच्या बोळातली एक भाड्याची खोली, उत्तरेला एक खिडकी, पावसाळ्यात पूर्वेची भिंत ओली. मला कोण काय म्हणतं ते बघायला तिथे दुसरं कुणी नसतं.

आणि ‘दुकानदार’ ही शिवी कधीपासून झाली? माझे वडील, आमचे दादा, याच कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ट्रकच्या मागचे फळे, दूध संस्थांचे बोर्ड, निवडणुकीत भिंती. सुताला खडू फासून फळ्यावर ताणायचा आणि मधोमध चिमटीत धरून सोडायचा, की पांढरी सरळ रेघ उमटते. त्या सुताचं दुसरं टोक धरून मी सहाव्या वर्षी उभा असायचो. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात इनॅमल कालवलेलं असायचं. दादा म्हणायचे, “अक्षर वाकडं गेलं तर गिऱ्हाईक पैसे देत न्हाई, आणि द्यावंतबी न्हाई.” पुढे फ्लेक्स आला आणि दादांचं काम दोन वर्षांत संपलं. त्यांनी उधारीची वही मात्र शेवटपर्यंत जपली. काही दुकानदारांनी त्यातले पैसे ते गेल्यावर आईच्या हातात आणून दिले. त्या लोकांना दुकानदार म्हणतात. तुम्ही तो शब्द कुणाच्या तोंडावर फेकताय, याचा जरा विचार करा.

आता आबालाल मास्तरांविषयी. त्यांचं नाव घेऊन मला गप्प करता येईल असं तुम्हाला वाटलं असावं. मी याच गावात वाढलो. इथल्या कोटितीर्थ तलावावर बसून जलरंग शिकलो, तेही त्यांनी ते पाणी रंगवलं होतं म्हणूनच. आबालाल जे. जे. मध्ये शिकले आणि पुढे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले. भाव लावायची गरज त्यांना पडली नसेल, कारण पाठीशी राजा होता. १९२२ साली महाराज गेले. त्यानंतर दुःखाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं इथे सांगतात. ही गोष्ट ऐकताना तुम्हाला कलेचा पावित्र्यभाव दिसत असेल. मला पाण्यात विरघळणारे कागद दिसतात. ती चित्रं कुणी विकत घेऊन, नीट माउंट करून घरात लावली असती, तर आज बघायला मिळाली असती. या वाक्यासाठी मला आणखी काय म्हणायचं ते म्हणा.

आणि आबालालच का? याच कोल्हापुरातले बाबूराव मेस्त्री नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. ‘पेंटर’ हे नाव त्यांना त्या धंद्यानेच दिलं आणि ते त्यांनी अभिमानाने लावलं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, म्हणून लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. चित्रकार म. वि. धुरंधरांनी पोस्टकार्डांसाठी चित्रं केली. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं पाहूनच आमच्या पिढीला बाईचा चेहरा कसा काढायचा ते कळलं. ती मुखपृष्ठं अंक खपावा म्हणून काढलेली होती. यांतल्या कुणाला तुम्ही दुकानदार म्हणाल? म्हणणार नाही, कारण ते मोठे होते. मी लहान आहे म्हणून मला म्हटलंत.

आता लेखातल्या त्या ‘हिशेबा’कडे येतो. बबल रॅप, बटर पेपर, कोपऱ्यांचे पुठ्ठे यांच्यावर मी दीड पान घालवलं, असं तुम्ही म्हणता. ते का घालवलं ते सांगतो.

२०१४ च्या जुलैत नाशिकच्या एका ताईंनी वास्तुशांतीसाठी पंचगंगेच्या घाटाचं चित्र घेतलं. दोन फूट बाय तीन फूट, पहाटेचं आभाळ, त्यात टिटॅनियम व्हाइट भरपूर. चित्र दोन महिन्यांचं होतं. हाताला कोरडं लागत होतं, पण पांढऱ्याचा जाड थर आतून अजून ओला होता. त्यात इथला पावसाळा. दारात टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी घाई केली आणि बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला, फुगे आतल्या बाजूला ठेवून. चौथ्या दिवशी फोन आला : “दादा, आभाळाला काहीतरी झालंय हो.” चित्र परत मागवलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखे गोल वण, देवी येऊन गेल्यासारखे. सगळं आभाळ घासून काढलं, पुन्हा रंगवलं, पण पहिल्या दिवशी लागलेला तो पिवळसर करडा काही परत लागला नाही. ताईंनी तेच चित्र घेतलं, एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते त्यांच्या दिवाणखान्यात आहे, आणि आजही त्यांच्या घरी जायची मला लाज वाटते.

तेव्हापासून सर्वांत जाड थरावर नख हलकं दाबून बघतो. खूण उठली तर चित्र जात नाही, गिऱ्हाईक कितीही खोळंबलं तरी. मग बटर पेपर, त्यावर बबल रॅप फुगे बाहेर करून, कोपऱ्यांना पुठ्ठा, दोन्ही बाजूंना प्लाय, आत सिलिका जेलच्या पुड्या. कागदावरच्या चित्राला आम्लरहित माउंट बोर्डच वापरतो, कारण साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत कागदाला तपकिरी कड चढते. फ्रेमवाला म्हणतो, “मागचं कोण बघतंय साहेब?” मी बघतो. ॲलिझरिन क्रिमझन हा गडद लाल उजेडात उडतो हे कळल्यापासून तो लाडका रंग मी पॅलेटवरून काढून टाकला. सुतकात असल्यासारखे दोन महिने गेले. त्याच्या जागी क्विनॅक्रिडोन हा उजेडात टिकणारा लाल घेतला. घेणाऱ्याच्या भिंतीवर माझी संध्याकाळ दहा वर्षांनी फिकी पडू नये, एवढ्यासाठी. तुम्ही याला हिशेब म्हणता. चित्र माझ्या हातून सुटल्यावरही त्याची काळजी घ्यायची मला माहीत असलेली ही एकच पद्धत आहे.

चौरस इंचाच्या दराने लहान चित्रावर अन्याय होतो, हा तुमचा मुद्दा वाचला. दर ठरलेला असला की ओळखीच्याला एक आणि अनोळख्याला एक असं होत नाही, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे. एका हॉटेलवाल्याने ‘बघून ठरवू’ म्हणत माझी पाच चित्रं नेली होती. ठरवलं काही नाही, परतही दिली नाहीत. प्रिंटवर, म्हणजे चित्राच्या छापील प्रतीवर, एकूण प्रतींची संख्या लिहावी वगैरे तुम्ही जे सुचवलंय, त्यात शिरायची मला आत्ता गरज वाटत नाही. माझ्याकडून प्रिंट घेणाऱ्याला ती प्रिंट आहे हे माहीत असतं.

शेवटी “वाईट वाटून घेऊ नका” असंही लिहिलंय तुम्ही. वाईट वाटलं. लिहिणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं, म्हणून तर ते वाक्य घालावं लागतं.

स्टुडिओ सकाळी आठ ते एक उघडा असतो. नख दाबून बघायचं एक चित्र आत्ता स्टँडवरच आहे. या, बघा, आणि मग जे म्हणायचं ते समोर बसून म्हणा. आणि पुन्हा लिहिलंत तर खाली स्वतःचं नाव घाला.