‘काऊन भेव दाखवून राह्यल्या?’: इतवारीच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की तीनपैकी एका मुद्द्यावर तुम्ही मला बरोबर पकडलंय.

ज्यांच्या नजरेतून ती निसटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुनी पितळी भांडी आणि पुस्तकं ऑनलाइन विकताना पार्सल कसं पाठवावं, यावर मी लिहिलं होतं. त्यावर आपल्या नागपूरच्या इतवारीतल्या या दुकानदार भाऊंनी लिहिलं: ‘‘ताई, काऊन लोकायले भेव दाखवून राह्यल्या? आमचा माल वीस वर्षांपासून ट्रॅव्हल्सनं जाते, एक नग हरवला नाही. तुमच्या स्पीड पोस्टात हरवला तर सरकार काय देते, ते काऊन नाही लिहिलं? अन् चारशेच्या वस्तूले दीडशेचं टपाल लावलं तर गिऱ्हाईक थांबन का?’’

मधल्या प्रश्नापासून सुरू करते, कारण चूक तिथे माझी आहे. ‘स्पीड पोस्ट करा, निर्धास्त राहा’ असं मी लिहून मोकळी झाले. खरं असं आहे की विमा न केलेलं स्पीड पोस्ट हरवलं, तर टपाल खर्चाच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती मिळते. तीन हजारांची समई दीडशे रुपये टपाल भरून पाठवली आणि ती गहाळ झाली, तर हातात येणार तीनशे. उरलेले सत्तावीसशे गेले. टपाल खात्याला 1898 च्या जुन्या कायद्यानेच नुकसानीच्या जबाबदारीतून मोकळीक दिली होती आणि जून 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती बरीचशी तशीच आहे. म्हणून काउंटरवर ‘विमा करायचा आहे’ हे तोंडाने सांगावं लागतं, वस्तूची खरी किंमत लिहावी लागते आणि वेगळे पैसे मोजावे लागतात. ट्रॅकिंग म्हणजे विमा नव्हे. वस्तू कुठून दिसेनाशी झाली, एवढंच ट्रॅकिंग सांगतं.

आणखी एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगते. लेखात मी ‘रजिस्टर करा’ असंही म्हटलं होतं. ती वेगळी सेवा आता राहिलेली नाही, रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टवरच पाच रुपये अधिक जीएसटी देऊन ‘रजिस्ट्रेशन’ जोडून घेता येतं. ओटीपी सांगितल्यावरच पार्सल मिळेल अशी सोयही तेवढ्याच पैशांत आहे. या पाच रुपयांना हसू नका. नुसतं स्पीड पोस्ट पत्त्यावर पोचवतात, त्या पत्त्यावर जो असेल त्याच्या हाती. रजिस्ट्रेशन केलं की ते ज्याच्या नावाचं आहे त्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसालाच द्यायचं असतं.

हा फरक मी पैसे घालवून शिकले. दोनेक वर्षांपूर्वी एक समई पुण्याला पाठवली, एका खासगी कुरिअरने. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर ‘डिलिव्हर्ड’. पाचव्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन, ‘‘मॅडम, समई कधी येणार?’’ कुरिअरच्या ऑफिसातून सहीचा फोटो मागवला तर त्यात एक नागमोडी रेघ. बहुधा सोसायटीच्या वॉचमनकडे दिली असावी, पण वॉचमनची पाळी बदललेली आणि त्या पाळीचा माणूस गावी गेलेला. पावती उलटून पाहिली. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं की कंपनीची जबाबदारी शंभर रुपयांपर्यंत. गिऱ्हाइकाला 2800 रुपये परत केले. बाई भली होती, नंतर तिने माझ्याकडून दोन तांबे घेतले. समई मात्र कुणाच्या तरी देवघरात तेवत असेल.

आता तुमच्या ट्रॅव्हल्सकडे येते. तुमचा एकही नग हरवला नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण का हरवला नाही? तुमचा माल अमरावतीच्या, चंद्रपूरच्या ज्या दुकानात जातो, त्या दुकानदाराला तुम्ही ओळखता, त्याच्या बापालाही ओळखत होता. गाडी कधी सुटली हे तुम्ही त्याला फोनवर सांगता, तो पहाटे स्टॉपवर माणूस उभा करतो. गठ्ठ्यात दोन नग कमी निघाले तर पुढच्या बिलात वळते होतात. क्लीनरलाही माहीत असतं की उद्या याच दुकानातून दुसरा गठ्ठा यायचा आहे. तुमचा विमा तुमच्या वहीत आहे, भाऊ. माझ्याकडे ती वही नाही. माझं गिऱ्हाईक बंगळुरूत, त्याचं नाव मला काल कळलं आणि कदाचित पुन्हा कधी दिसणारही नाही. तो काही माझ्या पितळी अडकित्त्यासाठी पहाटे पाचला हायवेवर उभा राहणार नाही. त्याची माझी ओळख नाही, म्हणून मधे पावती लागते. तुमची रीत चुकीची नाही, ती ओळखीतल्या व्यापाराची आहे. माझा लेख अनोळखी माणसाला विकणाऱ्यांसाठी होता, आणि हे मी तिथे लिहायला हवं होतं.

(पोस्टाला नावं ठेवताना एक गंमत विसरू नका. 1949 साली नाइट एअर मेल सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, डाकेच्या थैल्या बदलायची आणि पहाटेच्या आत परत उडायची. देशाच्या मधोमध असल्याचा फायदा आजही आहे. स्पीड पोस्टचा दर अंतराच्या टप्प्यांवर ठरतो आणि मुंबई, हैदराबाद, भोपाळ हे सगळं आपल्याला हजार किलोमीटरच्या आत पडतं.)

राहिला खर्च. चारशेच्या वस्तूला दीडशे जड होतात, मान्य. अशा वस्तूचा मी विमा करत नाही. ट्रॅकिंग घेते आणि गेली तर गेली असं आधीच मनाशी ठरवते. गिऱ्हाईक नागपुरातलंच असेल तर पार्सलच करत नाही. सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर भेटून वस्तू देते, पैसे तिथेच.

पुस्तकांचं गणित वेगळं. त्यांच्यासाठी 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. ट्रॅकिंगही होतं. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, आणि जाहिरातींनी भरलेला दिवाळी अंक त्यात चालत नाही. पण जुन्या क्रमिक पुस्तकांचा पाच किलोचा गठ्ठा शंभर रुपयांत जातोय, अजून काय पाहिजे?

भांड्यांच्या बाबतीत खर्च वाढतो तो बरेचदा खोक्यामुळे. कुरिअरवाले वजन आणि आकार दोन्ही बघतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायची. 40 बाय 30 बाय 30 चं खोकं म्हणजे 7.2 किलो, आत एक किलोची बांबूची टोपली असली तरी. तीच टोपली 30 बाय 20 बाय 20 मध्ये बसवली तर 2.4 किलो. पितळेला वजन मारतं, टोपलीला हवा मारते.

कॅश ऑन डिलिव्हरी मी बंद केली. माल परत आला की जाण्यायेण्याचा भुर्दंड आपल्या माथी. त्या परतीला या धंद्यात आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणतात, आणि नागपूरकराला आरटीओ म्हटलं की आधीच घाम फुटतो.

पावतीवर छापलेलं वजन मात्र जपून ठेवा. ‘खोक्यात नुसते कागद निघाले’ असं एकाने मला कळवलं होतं. मी पावतीचा फोटो पाठवला: 1 किलो 840 ग्रॅम. पॅकिंग करताना काढलेला व्हिडिओ होता, त्यात काट्यावरचा आकडाही तोच. त्यानंतर त्याचा मेसेज आला नाही. आणि मे महिन्यात स्वस्तातली खाकी टेप वापरू नका, आपल्या उन्हात तिचा डिंक सुटतो. पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाका, वरचं लेबल निघालं तर तीच कामी येते.

मूळ लेखात भरपाईचा आणि रजिस्ट्रेशनचा असे दोन्ही परिच्छेद आज बदललेत, वर तारीखही टाकली आहे. तुमच्याकडून मला एक शिकायचं आहे. यवतमाळच्या एका ओळखीच्या दुकानातून पितळी घंगाळ मागवलंय, ते पोस्टाच्या खोक्यात काही मावत नाही. ट्रॅव्हल्सनं आणायचं तर नंबर ड्रायव्हरचा घ्यायचा, क्लीनरचा की गाडीचा?