कॅनन की निकॉन? घाई नको, अजून तीन महिने घ्या

पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचं ठरवलंत, अभिनंदन. आता तो घेऊ नका. घेतला की फोटो काढावे लागतात, आणि सगळा त्रास तिथून सुरू होतो. तुलना करत बसण्यात हात हलत नाही, उजेड कमी पडत नाही, कुणाचे डोळे मिटत नाहीत. शिवाय तुलना करणारा माणूस जाणकार दिसतो.

परवा आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेला तक्ता आदर्श म्हणून समोर ठेवायला हरकत नाही. निकॉनचे डी३५०० आणि डी५६००, कॅननचे १५००डी आणि २००डी मार्क टू असे चार रकाने, खाली बेचाळीस ओळी. त्यात वजन आहे, मेन्यूच्या भाषा आहेत, गळ्यातल्या पट्ट्याचा रंगसुद्धा आहे. फोटो कशाचे काढायचे, ही ओळ तेवढी नाही. तळाशी दोनच शब्द: 'फायनल सांगा'. एकाच माणसाचा हा तिसरा तक्ता. अशी चिकाटी हवी.

सुरुवात मेगापिक्सेलपासून करा. निकॉन २४.२, कॅनन २४.१. हा ०.१ चा फरक फार मनाला लावून घ्या. चारही कॅमेऱ्यांची पूर्ण आकाराची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलचीच निघते, असं कुणी दाखवून दिलं तर विषय बदला. त्या फाइलची ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) वीस इंच रुंद प्रिंट निघते. शेवटची प्रिंट कधी काढलीत, असं विचारणारा माणूस तुमच्या भल्याचा नाही.

मग फोकस पॉइंट, म्हणजे कॅमेरा ज्यांच्यावर फोकस धरू शकतो ते ठिपके. डी३५०० चे ११, १५००डी चे ९, म्हणजे निकॉन दोन गुणांनी विजयी. उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा पकडणारा क्रॉस-टाइप पॉइंट दोन्हींत एकच, मधला. म्हणजे अंधूक उजेडात दोघांचेही मालक शेवटी मधल्याच ठिपक्यावर येतात. पण हे तक्त्यात बसत नाही, सोडून द्या.

डी३५०० आणि २००डी मार्क टू यांच्या वजनात ३४ ग्रॅमचा फरक आहे. खांद्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दुकानात गेलात तर दोन्ही कॅमेरे एकदा डोळ्याला लावा आणि तिथल्या तिथे निकाल द्या: 'याचा व्ह्यूफाइंडर धूसर आहे, त्याचा एकदम क्लिअर.' व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक छोटं चाक असतं, त्याला डायॉप्टर म्हणतात. आधीच्या गिऱ्हाइकाने ते स्वतःच्या नजरेला फिरवून ठेवलेलं असतं. दोन खाचा इकडेतिकडे केल्या की आतले आकडे लख्ख दिसू लागतात. आकडे पाहूनच ते लावायचं, समोरचं दृश्य पाहून नाही. पण चाक फिरवलं तर निकाल बदलेल, म्हणून हात लावू नका.

सोबत फुकट मिळणारी बॅग, हात लावताच डुलणारा ट्रायपॉड आणि लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायचा तो वाइड कन्व्हर्टर बघूनच कंपनी ठरवावी. कन्व्हर्टरमुळे फोटोच्या चारही कडा विरघळतात. कलात्मक दिसतं.

आता लेन्स. या विषयावर चुकूनही बोलू नका. सगळे पैसे बॉडीवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर संपवा, आणि बॉक्समध्ये आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स कॅमेऱ्याला जन्मजात चिकटलेली आहे असं समजा. ती वाईट लेन्स नाही, दिवसाउजेडी छान चालते. पण ५५ मिलिमीटरवर तिचं तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). संध्याकाळी घरात एका दिव्याच्या उजेडात, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ठेवूनही शटर १/१५ सेकंदावर घसरतं. रांगणारं पोर १/१५ सेकंदात हललेलंच असतं. फोटोत कपाट आणि पडदा धारदार, आणि पोराच्या जागी एक पांढुरका ढग. मग निदान काय? 'कॅनन घेऊन चुकलो, निकॉन घ्यायला हवा होता.' निकॉनवाल्याचं निदान बरोब्बर उलटं. अहो, ढग दोघांच्याही फोटोत आहे! तिथे एफ/१.८ ची साधी लेन्स लावली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो आणि शटर आरामात १/१२५ वर जातं. दहापट! आणि तुम्ही ०.१ मेगापिक्सेलवर रात्र घालवलीत.

त्यातही मौज अशी की कंपनी निवडताना खरोखर फरक पाडणारी गोष्ट इथेच आहे, आणि बेचाळीस ओळींत तिला जागा नाही. डी३५०० आणि डी५६०० या दोन्ही बॉडींत फोकसची मोटर नाही. जुनी ५० मिलिमीटर एफ/१.८डी स्वस्तात मिळाली म्हणून आणाल. ती माउंटवर (लेन्स बसवायच्या कड्यावर) खटकन बसेल, तोंड लहानमोठं करणारी रिंग सर्वात लहान छिद्रावर लॉक केलीत तर उजेडही बरोबर मोजला जाईल, फक्त फोकस जागचा हलणार नाही. बॉडीतल्या मोटरचा स्क्रू लेन्समध्ये घुसून फोकस फिरवतो अशी त्या लेन्सची रचना आहे, आणि इथे तो स्क्रूच नाही. रिंग लॉक करायला विसरलात तर स्क्रीनवर एफईई झळकतं आणि शटरच दबत नाही. या बॉडींना आपोआप फोकससाठी स्वतःची मोटर असलेली, निकॉनमध्ये एएफ-एस किंवा एएफ-पी असं लिहिलेली लेन्स लागते, म्हणजे १.८डी नव्हे, १.८जी. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये १९८७ पासून मोटर लेन्सच्याच पोटात असते, त्यामुळे तिकडे ही भानगड नाही. तिकडची भानगड वेगळी. २००डी मार्क टू च्या हॉट शूमधला (वरून फ्लॅश बसवायच्या खाचेतला), फ्लॅशला पेटायचा इशारा देणारा मधला संपर्कबिंदूच काढून टाकलेला आहे. जुना किंवा दुसऱ्या कंपनीचा साधा मॅन्युअल फ्लॅश वर चढवाल, बटण दाबाल, आणि तो ढिम्म. फ्लॅश दुकानात परत, दुकानदाराशी भांडण, दोघंही आपापल्या जागी बरोबर. ही ओळ कुठल्या रकान्यात लिहिली होतीत? पट्ट्याच्या रंगाच्या वर की खाली?

व्हिडिओसाठी '४के' हा शब्द पाहून २००डी मार्क टू घ्या. ४के सुरू करताच चौकट आणखी कातरली जाते आणि ज्याच्यासाठी हा कॅमेरा घ्यायचा तो ड्युअल पिक्सेल फोकस (व्हिडिओत झटपट, न अडखळता धरणारा) बंद पडतो, हे वाढदिवसाच्या केकसमोर कळलेलं बरं. डी३५०० ला बाहेरून माइक जोडायला भोकच नाही, तेही तेव्हाच कळू द्या.

बॅटरी? डी३५०० एका चार्जमध्ये अधिकृत चाचणीनुसार १५५० फोटो देतो, १५००डी ५००. हा मात्र खरा फरक आहे, म्हणून तो नजरेआड करा.

आणि 'पुढे अपग्रेड करायचंय' हे वाक्य दर दहा मिनिटांनी म्हणा. दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्येच मिररलेससाठी (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) नवे माउंट आणले, त्यालाही बरीच वर्षं झाली. तुम्ही अजून आयत्या वेळी उपयोगी पडेल म्हणून फुल फ्रेमची (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याची) लेन्स शोधताय, आणि हातात साधा कॅमेरासुद्धा नाही.

बास. पुरे झाली थट्टा.

चारही कॅमेरे चांगले आहेत. २०१६ ते २०१९ दरम्यान आलेत, आता वापरलेलेही मिळतील, आणि तेच घ्या. हातात धरून बघा. करंगळी खाली लोंबकळते का, अंगठा मागच्या बटणावर ताण न देता पोहोचतो का. स्क्रीनकडे बघून फोटो काढायचे असतील तर २००डी मार्क टू. स्क्रीन फिरणारा हवा पण निकॉनच हवा, तर डी५६००. डोळा लावूनच काढणार असाल तर डी३५००. घरात कुणाकडे आधीच लेन्स पडून असतील तर त्यांच्या कंपनीचा, विषय संपला. इतकंच होतं. यासाठी तीन तक्ते लागत नव्हते, माणसांच्या संध्याकाळी वाया घालवायच्या नव्हत्या. सल्ला मागायचा, दिलेला ऐकायचा नाही, आणि आठवड्याने तोच प्रश्न नव्या रंगात रंगवून पाठवायचा, याला चोखंदळपणा म्हणत नाहीत. तुम्हाला फोटोच काढायचे नाहीत, निवडत बसायचंय. तसं स्पष्ट सांगा, आम्ही आमच्या कामाला लागतो.

घेतलात तर ऑटोवरून चकती हलवा. शटरचा वेग आपण ठरवायचा तो मोड: निकॉनवर एस, कॅननवर टीव्ही. शटर १/१२५, आयएसओ ऑटो. एफ/१.८ ची एक लेन्स. बटण अर्धं दाबा, 'पीप' ऐकू आला की पूर्ण दाबा. पहिले पाचशे फोटो भिकार येतील, येऊ द्या.

चौथा तक्ता उघडला जाणार नाही.